बंद कारखान्यातले पाणबुडे

कारखाना चालू असला की कुणाकडं सांगण्यासारखं काही नसतं. पाळी संपली की माणूस घरी जाऊन आडवा होतो. किस्से साठतात ते कारखाना बंद पडल्यावर! सलग दुसऱ्या साली पाऊस दगा देऊन गेला, शेतात ऊसच राहिला नाही आणि आमच्या सहकारी साखर कारखान्याचा सीझन निघालाच नाही. तरी आम्ही रोज जायचो. मस्टरवर सही करायची आणि वर्कशॉपमध्ये पंख्याखाली बसायचं. त्या बसण्यातून जे निघालं ते आता मला लग्नाच्या पंगतीत सांगायला लावतात, टपरीवर सांगायला लावतात. परवा तर दाताच्या डॉक्टरनं सांगायला लावलं, तेही तोंडात कापूस असताना!

माणसं चारच. मी लॅबमधला केमिस्ट. भगवानअण्णा बॉयलर अटेंडंट, धर्मापुरीकडचे, बोलायला कंजूष. नासिरभाई फिटर, ते अण्णांच्या वाटणीचंही बोलायचे. आणि हजेरी ठेवणाऱ्या, टाइम ऑफिसच्या मंगलताई. त्यांच्यासमोर उशिरा आलेला माणूस आजही मनगटावरचं घड्याळ बाहीत लपवतो.

अण्णांची मुलगी रेखा. पुण्याला हॉटेलचं शिकली, नोकरीला अंदमानातल्या एका बेटावर गेली आणि तिथं हॉटेल सोडून समुद्रात शिरली. लोकांना पाण्याखाली नेऊन प्रवाळ दाखवायचं, हे तिचं काम. अण्णांनी तिच्यासाठी एक स्थळ बघितलं होतं. ती नाही म्हणाली. तेव्हापासून ती घरी आली नव्हती आणि बापलेकीचा फोन म्हणजे, "जेवलीस का?" "जेवले." "बरं. ठिवतो."

*

एक दिवस वर्कशॉपमध्येच तिचा व्हिडिओ कॉल आला. अण्णांनी सवयीनं "जेवलीस का?" विचारलं आणि ठेवायला निघाले. नासिरभाईंनी फोन हिसकावला. "बेटा, तू पान्यात करतीस तरी काय?"

ती म्हणाली, "चाचा, आमच्याकडं एक ड्रिफ्ट डाइव्ह असते. प्रवाह असतो ना, त्यात उतरायचं. पोहायचं नाही, हातपाय मारायचे नाहीत. पाणी आपल्याला प्रवाळाच्या कडेकडेनं नेतं. आपण निवांत बघत जायचं. बोट वरून बुडबुडे बघत मागं येते आणि शेवटी उचलून घेते."

नासिरभाईंनी आमच्याकडं बघितलं. पंख्याखाली चौघं, हातात चहा, समोर गंजत चाललेली लेथ.

"म्हंजे आमी दोन वर्सं झाली हेच करायलोत की! फकस्त बोट आली न्हाई आजून."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी फोन परत घेतला आणि पहिल्यांदाच लेकीला दुसरा प्रश्न विचारला. "माझ्या वयाला जमंल का ते?"

*

आता यातली मेख ऐका. समुद्र शांत असतो तो हिवाळ्यात. आणि कारखान्याचा सीझन असतो तोही हिवाळ्यातच. बॉयलर पेटला की अण्णांना हलता येत नाही. बॉयलर विझेपर्यंत पावसाळा तोंडावर येतो आणि तिकडं समुद्र खवळतो. म्हणजे चांगलं पाऊसपाणी असलेल्या साली अण्णांना लेक भेटणं शक्यच नव्हतं!

मंगलताईंनी हे भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून शोधून काढलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "अण्णा, जायचं तर ह्याच साली. फुडच्या साली पाऊस पडला तर?"

आमच्या जिल्ह्यात पावसाची भीती घालणारी ती पहिलीच बाई असेल!

तारीखही त्यांनीच काढली. रेखा म्हणाली होती, अमावस्या-पौर्णिमेला पाण्याला जोर असतो, अष्टमीच्या आसपास मऊ असतं. तशी अष्टमी सापडली. अण्णा म्हणाले, "अष्टमीला उपास असतोय माझा."

रेखा फोनवर म्हणाली, "उपाशीपोटी पाण्यात उतरायचं नसतं, अण्णा."

जो माणूस लेकीच्या लग्नाच्या गोष्टीत एक इंच सरकला नव्हता, तो म्हणाला, "बरं. सोडतो."

*

चौघांनीही जायचं ठरलं, पण पोहायचं काय? लहानपणी विहिरीत पोहलेली माणसं आम्ही, पण अंग विसरलं होतं. सराव पाहिजे. जिकडं बघावं तिकडं विहिरींचे तळ दिसत होते. नासिरभाईंनी बातमी आणली, "पालीच्या धरनात हाय म्हनं थोडं." एका रविवारी बिंदुसरा नदीवरच्या त्या धरणावर गेलो, टॉवेल-चड्ड्या पिशवीत घेऊन.

धरणात पोरांनी क्रिकेटचं पिच केलं होतं! भेगाळलेल्या गाळात एक म्हातारा शेरडं घेऊन बसला होता. त्यानं आमच्या पिशव्या बघितल्या.

"काय शोधायलात?"

"काही न्हाई मामा," मी म्हणालो, "पवायला आलतो."

म्हाताऱ्यानं धरणाकडं बघितलं, मग आमच्याकडं. हसला बिसला नाही. बाजूचा दगड हातानं झाडला.

"मंग बसा की. थांबू."

बसलो. काय करणार! ऊन उतरेस्तोवर बसलो. उठताना म्हाताऱ्यानं विचारलं, "उद्या येताव का?"

*

रेखानं उतरण्याचा बेत नीट समजावून सांगितला होता आणि अण्णांनी तो वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढला. इथं बोटीतून उतरायचं. इथून प्रवाळाची कडा सुरू, ती उजव्या हाताला ठेवायची. प्रवाहाचे बाण. शेवटी वाळूचं मैदान, तिथं वर यायचं, बोट उचलणार. अण्णा रोज फोन लावून विचारायचे, "त्या वळनावर पानी किती वडतंय?" ती सांगायची, ते बाण लांब करायचे. फोन आता चांगला लांबत चालला होता.

एक दिवस चेअरमनसाहेब संचालकांना घेऊन अचानक फेरीवर आले. फरशी बघून थबकले. पांढऱ्या रेघा, निळे बाण, बाजूला अण्णांच्या अक्षरात 'पाणी'.

"वा!" साहेब म्हणाले. "ही पाइपलाइन कुठून घेतली?"

नासिरभाई खरं बोलून गेले. "बंगालच्या उपसागरातून, सायेब."

साहेब गंभीर झाले. आजूबाजूच्या संचालकांकडं एकदा बघून घेतलं. त्यांना न कळवता कुणीतरी एवढी मोठी योजना रेटत होतं!

"मंजूर कुणी केली?" त्यांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, "पोरीनं."

*

अण्णांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, यायलाच पाहिजेत असं आम्हा सगळ्यांचं मत. त्यांना समजवायला घरी गेलो आणि रेखाला व्हिडिओ कॉल लावून दिला. ती बोटीवर होती. मागं निळंशार पाणी, आभाळापर्यंत. मला ते पाणी फोनमध्ये हात घालून चाखावंसं वाटलं.

काकू डोळे बारीक करून बघत होत्या. एकदम ओरडल्या, "आगं, मागं कुनाची नळी चालू हाय! बंद कर म्हन की त्याला!"

बोटीवर एक पोरगा गोड्या पाण्यानं सामान धूत होता. एवढ्या समुद्रात काकूंना दिसली ती नळी! रेखा पळत गेली, नळी बंद केली, परत आली. "केली, आई."

"हां," काकूंचा जीव भांड्यात पडला. "आता बोल. वाळलीस कावून येवढी?"

यायला मात्र त्या तयार झाल्या नाहीत. "टँकर कधी येतो नेम न्हाई. मी न्हाई तर पिंपं कोन भरनार? म्हशीला काय सांगू, अंदमानला गेलते म्हनून?" दाराशी रिकामी पिंपं ओळीनं लावलेली होती. बाजरीच्या खारोड्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून त्यांनी अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तिच्या केसाला तेल न्हाई. दिसलं मला. तेवढं लावून द्या."

*

रजेचा प्रसंग ऑफिसात घडला. साहेब हसायलाच लागले. "कारखाना बंद आहे, अण्णा! रजा कशाची घेताय? जा ना खुशाल."

अण्णा जागचे हलेनात. "माझ्या जागी मानूस लावा."

"अहो, बॉयलर थंड आहे."

"म्हनून तर म्हनतो," अण्णा म्हणाले. "पेटलेल्या बॉयलरपाशी धा जन असत्यात, सायेब. थंड पडला की कोन इचारतंय?"

साहेबांनी हसणं थांबवलं आणि खरंच एका माणसाला रोज एक चक्कर मारायला लावलं. परत आल्यावर कळलं, तो माणूस चक्कर मारून बॉयलरला हात लावून जायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

*

पोचलो. बेटावर पाय ठेवला, सामान टाकलं आणि थेट किनाऱ्यावर. मंगलताईंनी चपला काढून हातात घेतल्या, देवळात शिरल्यासारख्या. नासिरभाई, जे झोपेतही बोलतात, ते लाटांकडं बघत किती तरी वेळ नुसते उभे. आम्ही घाबरलो.

"नासिरभाई, काय झालं?"

त्यांनी बोट लांब, पार आभाळाच्या रेघेपर्यंत फिरवलं.

"हे समदं," ते म्हणाले, "कुनाच्या नावावर हाय?"

*

आणि आता शेवटचा. हा मी पंगतीत सांगत नाही.

रेखानं आधी काही दिवस उथळ पाण्यात आमच्याकडून तयारी करून घेतली. तिथल्या डॉक्टरनं मंगलताईंना आणि नासिरभाईंना बीपीमुळं नाही म्हणून सांगितलं. ते दोघं बोटीवर राहिले, आमचे बुडबुडे बघायला. अष्टमीच्या सकाळी आम्ही तिघं उतरलो. पुढं अण्णा, त्यांच्या बाजूला त्यांचा दंड धरून रेखा आणि थोडा मागं मी.

काय सांगू तुम्हाला! हातपाय हलवायचे नव्हतेच. पाणी उचलून नेत होतं, जत्रेत बाप पोराला खांद्यावर घेऊन चालतो तसं. उजव्या हाताला प्रवाळाची भिंत. झाडं म्हणावीत तर दगड, दगड म्हणावेत तर हलणारे. कापसाच्या बोंडासारखं काहीतरी उमलत होतं, मिटत होतं. पिवळ्या माशांचा थवा अण्णांच्या पोटाखालून गेला. अण्णांनी हात छातीशी घेतले होते, कशाला धक्का लागू नये म्हणून. मला आमचं सगळं रान आठवलं, भेगांसकट, आणि त्यावरून हे पाणी असंच सावकाश जावं असं वाटलं.

रेखाकडं माझं लक्ष गेलं ते तिच्या मास्कमुळं. ती सारखी मान वर करून मास्कची वरची कड दाबायची आणि नाकातून हवा सोडून आत साचलेलं पाणी बाहेर काढायची. पुन्हा थोड्या वेळानं तेच. आम्हा नवशिक्यांना एकदाही करावं लागलं नाही, आणि ती शिकवणारी! पण अण्णांचा दंड तिनं सोडला नाही.

वर आलो. बोटीत चढलो. नासिरभाई एकदम, "काय दिसलं? काय दिसलं?" अण्णा त्यांच्याकडं न बघता रेखाला म्हणाले, "तुझ्या मास्कात पानी येत होतं."

रेखा लाल झालेले डोळे पुसत म्हणाली, "हो अण्णा. ढिला झालाय."

"बघतो," अण्णा म्हणाले.

निघायच्या सकाळी ते आमच्या आधी उठले होते. पायरीवर बसून, मांडीवर मास्क घेऊन. जुना पट्टा काढला, नवा ओवला, बकल घासलं, रबराची कड बोटानं चाचपत सगळीकडून फिरवली, बॉयलरच्या झाकणाची चाचपतात तशी. मग तिला समोर बसवलं आणि केसांना तेल लावून दिलं. कसं लावायचं ते त्यांना येत नव्हतं. फार लावलं.

धक्क्यावर आमचं जहाज लागलं होतं. अण्णांनी मास्क तिच्या हातात दिला.

"आता न्हाई यायचं पानी."

रेखानं मान हलवली. आम्ही चढलो, दोर सुटले, जहाज हललं. धक्क्यावर ती एकटी उभी होती. तिनं हातातला मास्क डोळ्यांवर चढवला, पट्टा मागं ओढून घेतला आणि तशीच हात हलवत राहिली.

नासिरभाई कठड्यावरून वाकून बघत होते. "आरं, कोरड्यात कावून घातलाय हिनं?"

अण्णा तिच्याकडं बघत होते. ती ठिपका होईपर्यंत बघत होते.

"बसलाय," ते म्हणाले. "चांगला बसलाय."