रेडिएटरच्या क्लिपनं नळी सरळ कापली

मंडळी, आज मी जिंकले! तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

उद्या आमच्या नळदुर्गच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. पाण्याच्या दाबाच्या प्रयोगासाठी ॲक्रिलिकची जाड नळी सपाट पाटावर उभी चिकटवायची होती. कड जरा वाकडी राहिली तरी खालून पाणी गळणार. दोन तुकडे मी आधीच वाया घालवले होते, कारण ग्रायंडर लावला की कड वितळून चिकट गोळा होतो. शेवटचा तुकडा घेऊन हायवेवरच्या अमीनचाचांच्या ट्रक गॅरेजात गेले.

चाचा हसले. "मॅडम, हे लोखंड न्हाय. घाई केली की गेलं."

त्यांनी रेडिएटरच्या पाइपाची क्लिप, स्क्रूनं आवळायचा गोल पट्टा, नळीभोवती आवळली. तो पत्र्याचा पट्टा आपसूक सरळ बसला! त्याच्या कडेला बारीक दात्यांचं हॅक्सॉचं पातं टेकवून मी कापायला लागले. एका दमात आरपार नाही. थोडं कापायचं, नळी फिरवायची, पुन्हा थोडं. मग सपाट काचेवर पॉलिश पेपर अंथरून कड गोल गोल घासली.

नळी काचेवर उभी केली. चाचांनी खालून दाढीचं ब्लेड सरकवून बघितलं. कुठंच शिरेना!

"लई झकास," म्हणाले, आणि क्लिप परत मागितली.

मी दिली नाही. उद्या प्रयोगाशेजारी ती मांडणार आहे, खाली चाचांचं नाव लिहून.

तुमच्या शाळेतल्या प्रयोगांमागं असं कोण होतं? त्यांचं नाव इथं लिहा.