पहिलं पुस्तक उसवायचं असतं

फोन आला तेव्हा मी पाणी भरत होते. आमच्या उस्मानपुऱ्यात नळाचा दिवस म्हणजे सणाचा दिवस. त्या दिवशी कुणाचं लग्न असो की बारसं, आधी टाकी, मग ड्रम, मग घरातली झाडून सगळी भांडी... पुतण्या म्हणाला, "काकू, आई गेली." मी म्हटलं, "कुठं?" खरंच तसं म्हटलं. आक्कांना न सांगता कुठंही निघून जायची सवय होती. सोयगावला माहेरी पोचल्यावर तिथून फोन करायच्या की मी इकडं आलेय म्हणून. पलीकडून पुतण्याचा हुंदका आला, तेव्हा मला कळलं. फोन ठेवला आणि मी पुन्हा पाइप हातात घेतला. पाहुणे येतील, पाणी लागेल, नळ एकदा गेला की पुन्हा कधी येईल त्याचा नेम नाही... आणि आक्काच कानाशी बोलल्यासारखं झालं, "रडायला जन्म पडलाय, आधी भरून घे." शेवटची घागर भरली, दाराला कुलूप लावलं आणि मग शहराच्या कडेला, सातारा परिसरातल्या त्यांच्या घरी निघाले. हा माझा कोरडेपणा की त्यांनीच लावलेली शिस्त, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. जावा जावा, उभा दावा, असं आपल्याकडं म्हणतात. आमचा दावा नव्हता. भांडण करायला दोघींनी तोंड उघडावं लागतं, आणि आमच्यात आक्का बोलायच्या नाहीत व मी उत्तर द्यायचे नाही, असा सगळा मामला होता. म्हणून तर दिवसकार्यात मी गोंधळून गेले. भेटायला माणसं येत होती, ती आमच्या नात्यातली नव्हती की गावाकडची. एक बाई माझा हात धरून हमसून हमसून रडली, "किती मायाळू होत्या हो... माझ्या आईनं कधी इतकं जवळ घेतलं नाही." एक गृहस्थ म्हणाले, त्यांच्याशी बोललं की मन हलकं व्हायचं. मी हळूच मान वळवून भिंतीवरचा फोटो पाहिला. आक्काच होत्या. कपाळावर तीच आठी, फोटो काढणाऱ्यानं काहीतरी चूक केल्यासारखी. म्हटलं, या माणसांचं घर चुकलंय, का माझी इतकी वर्षं चुकली?

ही सगळी रविवारची मंडळी होती. वाचनालयातली.

पण त्याआधीचं सांगायला हवं. मी लग्न होऊन बिडकीनजवळच्या आमच्या मळ्यात आले ते वर्ष दुष्काळाचं होतं. विहिरीला पाणी नव्हतं, शेतात काम नव्हतं, आणि काम नसलेल्या बायका दुपारी ओसरीवर बसून गोधड्या शिवायच्या. मी शाळामास्तरीण, मुलांच्या वह्यांवर लाल शाई चालवलेला हात, सुईची ओळख फक्त बटणापुरती. आक्कांनी एक कोपरा माझ्यापुढं सरकवला. मी जीव लावून टाके घातले. त्यांनी वाकून पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "उसव." मी उसवलं. पुन्हा घातले. "उसव." आजूबाजूच्या बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, नाक गळत होतं, आणि मी उसवतच होते. उठून आत जायचं मात्र सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी धीर झाला नसता. तो शब्द मग मला जन्माला पुरला. पडदा लावला, जरा खालीवर झाला, "उसव." दिवाळीच्या करंजीची कड सुटली तर, हसू नका, करंजीलासुद्धा त्या "उसव ती" म्हणाल्या होत्या. "चांगलं झालं" असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मी वाट बघायची. शाळेत मला नावाजणारे पुष्कळ होते, पण मला ते हवं होतं आक्कांकडून, आणि ते का हवं होतं, हेही नीट कळायचं नाही.

पुढं मळ्याच्या आसपासची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, आमचीही गेली, आणि आम्ही सगळे शहरात आलो. आम्ही उस्मानपुऱ्यात, आणि आक्का तिकडं सातारा परिसरात, जिथं तेव्हा इमारती आधी आल्या आणि रस्ते मागून चालत आले. मोठे दीर वारल्यावर आक्कांना घर खायला उठायला लागलं. त्या बस पकडून आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात येऊन बसायच्या. वर पंखा, समोर पेपर. एकदा मुलांच्या कपाटातली पुस्तकं पाहिली, पाठी निघालेल्या, पानं लोंबणारी. ग्रंथपाल नसरीन मॅडमना त्या म्हणाल्या म्हणे, "ही काय पुस्तकं हायेत का चिंध्या?" आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत दाभण, मेण लावलेला दोरा आणि जुने पुठ्ठे घेऊन हजर. त्या शिवत बसल्या की पोरं भोवती जमायची. पोरांना न्यायला आलेल्या आया टेकायच्या, मग आजोबा लोक. कुणीतरी म्हणालं, आम्हाला नवीनच पुस्तक करायला शिकवा ना. अशी ती रविवारची कार्यशाळा सुरू झाली. कार्यशाळा हा शब्द नसरीन मॅडमचा. आक्का तिला "बसणं" म्हणायच्या.

सुरुवातीला पुठ्ठ्यावर कागद मैद्याच्या खळीनं चिकटवायचे. मग पुन्हा दुष्काळ पडला. वाचनालयाची टाकी कोरडी, आणि खळ म्हटली की शिजवायला पाणी, हात धुवायला पाणी, फडकी धुवायला पाणी. प्यायला नाही तिथं चिकटवायला कुठून आणणार? सगळ्यांना वाटलं, आता बंद. आक्कांनी खळच बंद केली. नुसत्या घड्या घालायच्या, दाभणानं भोकं पाडायची आणि शिवायचं. कागदाला मात्र दुष्काळ नव्हता! शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि प्लॉटिंगवाल्यांची पत्रकं पेपरातून, दारातून, गाडीच्या काचेवरून येऊन पडत होती. एका बाजूला कमान, कारंजं आणि नारळाची झाडं. दुसरी बाजू कोरी. लोक गठ्ठेच्या गठ्ठे आणायचे. कारंजी बाहेर, कोरं आत. पावसाळा बरा झाला तरी आक्कांनी खळ पुन्हा आणली नाही. मी एकदा चहा ओतता ओतता विचारलं तर म्हणाल्या, "चिकटवल्यालं उसवता येत नाय. फाटतंय."

हो, चहाला यायच्या. वाचनालय माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. बसणं संपलं की कधीकधी माझ्याकडं यायच्या, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, बोटाला दाभणाचं टोचलेलं. चहा प्यायच्या, माझ्या कुंड्यांत काय चुकलंय ते सांगायच्या आणि बसला निघून जायच्या. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून माणसं त्यांच्याकडं यायची, आणि दोन गल्ल्यांवरच्या धाकट्या जावेला त्यांनी एकदाही "चल गं" म्हटलं नाही. मीही "येऊ का?" असं विचारलं नाही. का विचारावं? बोलावल्याशिवाय जायला मी काही मांजर आहे का? पण लागायचं. रविवारी दुपारी वाचनालयावरून भाजीला जाताना आतून हसण्याचा आवाज यायचा, तो आक्कांच्या टेबलाभोवतीचा असायचा आणि माझी चाल आपोआप वाढायची. इतक्या लोकांत माझ्यापुरतीच जागा नव्हती, असा मी अर्थ काढला होता.

चौदावा झाल्यावर नसरीन मॅडमचा फोन आला. आक्कांना त्या आपा म्हणायच्या. "काकू, रविवारी लोक येऊन बसतायत. दाभण घेऊन नुसते बसतायत. तुम्ही कधीपासून येताय?"

"मी?"

"आपांनी सांगून ठेवलं होतं ना... मी नसले की शैला येईल. तुम्हाला नाही बोलल्या?"

मी फोन ठेवला. मला? ज्या बाईनं माझा एक टाका कधी सरळ मानला नाही, तिनं मला? थट्टा केली असावी, असं आधी वाटलं. मग वाटलं, ही जबाबदारी आहे. मग आला राग. जिवंतपणी दोन गल्ल्या चालवत नेलं नाही आणि आता माघारी हुकूम! हे म्हणाले, "जायचं नसेल तर नको जाऊ." तेव्हा मात्र मी पिशवी उचलली.

वाचनालयात शिरले तर टेबलाभोवती दहाबारा माणसं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कुलकर्णी काका उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "या, या! तुम्हीच ना त्या उसवणाऱ्या जाऊबाई?"

माझा चेहरा कसा झाला असेल, कोण जाणे. काकाच सांगायला लागले. इथला नियमच होता, जो येईल त्यानं पहिलं पुस्तक शिवायचं आणि ते उसवायचं. लहान असो, थोर असो. दुसरं घरी न्यायचं. "मला उसव म्हणाल्या तेव्हा मी चप्पल घालून निघालोच होतो, बाई. इतका अपमान माझा साहेबानंसुद्धा केला नव्हता. तर मागून म्हणाल्या, आमची धाकटी जाऊ शिकल्याली मास्तरीण, नवी नवरी, चारचौघींत रडत रडत उसवलं तिनं, पर उठली नाय. आन तुम्ही तर धरणं बांधणारे! ... बसलो मुकाट्यानं. आम्ही सगळे तुमच्यावरच टिकलोय इथं."

नऊएक वर्षांची ओवी नावाची मुलगी होती, तिला राहवेना. "आणि त्या म्हणायच्या, तुमचा टाका अजून वाकडाच येतो!"

सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता मला कळेना, की मी इथं इतकी वर्षं शूर म्हणून गाजत होते की हसं म्हणून. बिडकीनच्या ओसरीवरची माझी फजिती आक्कांनी अनोळखी माणसांना दर रविवारी सांगितली होती. पण ती लक्षात ठेवली होती. नाक गळत होतं ते वगळलं होतं, आणि मी घाबरून बसून राहिले होते त्याची हिंमत करून टाकली होती. ती हिंमत नव्हती हो, असं सांगावंसं वाटलं, पण त्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघून सांगवलं नाही.

मी नसरीन मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, "मला कधी बोलावलं का नाही मग त्यांनी?"

त्या म्हणाल्या, "मी बोलले होते एकदा. आपा, जाऊबाईंना घेऊन या ना, इतकं सांगता त्यांच्याबद्दल. तर म्हणाल्या, मी बोलावलं की ती येतीय. माझा शब्द मोडत नाय ती. म्हणून तर बोलावत नाय."

बस. एवढंच. पुढं काही म्हणाल्या का? नाही म्हणे, आक्का दोरा ओवायला लागल्या. मी हे वाक्य ऐकल्यापासून शंभर बाजूंनी पाहिलंय. मी आपल्या मनानं यावं म्हणून त्या वाट बघत होत्या? का आयुष्यभर हुकूम सोडले, आता एक तरी सोडू नये, असं वाटलं असेल? वाट बघत असतील तर मग मीही वाटच बघत होते, आणि दोघी चहाचा कप मध्ये ठेवून कुंड्यांवर बोलत होतो... आणि आता मी आले ती माझ्या मनानं की त्यांच्या शब्दावर? "येईल" म्हणाल्या होत्या; "बोलवा" म्हणाल्या नव्हत्या, हे मॅडमनी मला दोनदा बजावून सांगितलं. फोन त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केला होता. मला वाटलं होतं की इथं आल्यावर काहीतरी उलगडेल. गुंता वाढला.

मी बसले. ओवीनं घड्या कशा घालायच्या ते दाखवलं. कमानी आणि कारंजी बाहेर, कोरं आत. कुलकर्णी काकांनी भोकं पाडून दिली. मी दोरा ओवला आणि शिवायला लागले. एक टाका वर गेला, दुसरा त्याच्या मागं, गाठ भलतीकडंच आली. सगळे आपापलं करायचं सोडून माझ्या हाताकडं बघत होते. संपवलं आणि पुस्तक मध्ये ठेवलं. आंधळ्यालासुद्धा दिसावं इतकं तिरकं.

"छान झालंय," कुलकर्णी काका म्हणाले.

"पहिल्या खेपेला इतकं कुणाचं येत नाही," कुणीतरी म्हणालं. माना हलल्या.

मला कळत होतं, घरात नुकतंच माणूस गेलंय म्हणून ही चांगली माणसं खोटं बोलत होती. ज्या दोन शब्दांसाठी मी उभा जन्म कान लावून बसले, ते समोर आले आणि ते ऐकून मला भीती वाटली. म्हणजे आता असंच होणार. आता माझं सगळं चांगलंच म्हटलं जाणार.

"वाकडं आहे," मी म्हटलं.

"असू द्या हो काकू," नसरीन मॅडम म्हणाल्या.

"असू द्या काय? म्हणा की कुणीतरी!" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरच्या पेपर वाचणाऱ्यानं पेपर खाली केला. "म्हणा ना... उसव म्हणा!"

काका चष्मा पुसत राहिले. मग ओवीनं शेजारी बसलेल्या आईकडं एकदा बघितलं, पुस्तक माझ्यापुढं सरकवलं आणि अगदी हळू, चुकतंय का काय अशा आवाजात म्हणाली, "काकू... उसवा."

इतकी वर्षं न मागता मिळत आलेला शब्द त्या दुपारी मला मागून घ्यावा लागला. मी कात्री उचलली आणि पहिली गाठ कापली. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, नाक गळत होतं, आणि मी उसवत होते. कुणी हसलं नाही, आणि मला कुणी थांबवलंही नाही.