पिस्तुलाचा धक्का

शेजारच्या मुलाने गॅलरीत टिकल्या फोडल्या आणि त्या जळक्या वासाने मला थेट चांदीपच्या डोंगराखालच्या गोळीबाराच्या मैदानावर नेलं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. पोलिसात नव्याने भरती झालेल्या आम्ही मुली त्या सकाळी पहिल्यांदाच पिस्तूल चालवत होतो.

माझ्या पहिल्या गोळीचा धक्का कोपरापर्यंत गेला, तळहाताला मुंग्या आल्या. वसईची रोझी तर मागे हेलपाटली आणि रडकुंडीला आली. मग अर्नाळ्याची सुनंदा उभी राहिली. भाऊ नसल्यामुळे ती लहानपणापासून बापाबरोबर होडीवर जायची. तिच्या सगळ्या गोळ्या मधोमध लागल्या.

“तुला धक्का बसत नाही का गं?” मी विचारलं.

“बसतो ना! पन लाट आली की होडीत ताठ नाय ऱ्हायचं. तसंच हाय हे.”

शिकवणारे उस्ताद खूश झाले. “तुझं नाव स्पर्धेला पाठवतो.”

सुनंदा हसली. “नको, उस्ताद. लगीन ठरलंय. सासरी नोकरी चालनार नाय.”

उस्तादांनी उरलेल्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. तिने त्या सावकाश झाडल्या. प्रत्येक गोळीनंतर ती आमच्याकडे वळून बघायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

तेव्हा वाटलं, कौतुक हवंय तिला. आज वाटतं, कुणीतरी ‘सोडू नकोस’ म्हणेल याची ती वाट बघत होती. म्हणायला आम्ही एवढ्या जणी होतो.