मोठ्यानं केलेली प्रार्थना

शमुवेलकाकांकडे कुठलीही तक्रार घेऊन गेलं की ते आधी चष्मा कपाळावर चढवत आणि मग विचारत, "कुठल्या कलमाखाली?" शेजारच्या शेळीनं मोगरा खाल्ला, कलम कुठलं? चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, कलम कुठलं? मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि त्यांच्या समोरच्याच घरात राहत होते. मुख्याध्यापक रजा देत नाहीत असं रडगाणं घेऊन एकदा गेले, तर त्यांनी मला बसवून रजेचे सगळे नियम समजावले आणि वर चहा पाजला. रजा मिळाली, आणि मी काकांची भक्तच झाले.

काळा कोट आणि खाली करकरणाऱ्या कोल्हापुरी वहाणा, असा त्यांचा थाट. कोर्टात ते वकील आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. "एका अक्षराचा तर फरक," असं स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. फळांची गाडी लावणाऱ्या एका बागवानाला पोलिसांनी चोरीच्या आळावरून आत टाकलं होतं, त्याला काकांनी निर्दोष सोडवून आणलं. तो सीताफळांची पाटी घेऊन आला. काकांनी त्यातलं एक उचललं आणि पाटी परत केली. म्हणाले, "कायदा म्हंजे कुंपण हाय बघ. श्रीमंताला भिंत असती. गरिबाला ह्यो एवढाच आडोसा." बागवानाचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही.

पुढे ते सरकारी वकील झाले. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. मग आणीबाणी आली.

दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायची आमच्या मंडळीची जुनी रीत. इंग्रजांसाठी केली, संस्थानच्या महाराजांसाठी केली, नंतर आपल्या सरकारसाठी. शब्द ठरलेले, त्यामुळे निम्मे लोक तेवढ्यात डुलकी काढून घेत. ही प्रार्थना बहुधा रत्नाकर मास्तर करायचे. ते माझ्याच शाळेत शिकवत, आणि चर्चमध्ये पेटी वाजवत. त्या रविवारी ते ठरलेले शब्द म्हणून थांबले, आणि पुढे म्हणाले, "हे प्रभू, चौकशीवाचून कोंडलेल्यांना तू सोडव, आणि कोंडणाऱ्यांना तुझं भय दे." डुलक्या घेणारेही जागे झाले. कुणीतरी ते पोलिसांच्या कानावर घातलं. चार दिवसांत मास्तरांना धरून नेलं. आरोप होता, सरकारविरुद्ध लोकांना चिथावल्याचा.

मास्तरांची म्हातारी आई गडहिंग्लजच्या पलीकडची. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची. ती काकांच्या घरी पुढच्या सोप्यात येऊन बसली, तेव्हा मी तिथंच होते.

"वकीलसाब," ती म्हणाली, "माझ्या लेकानं तक्रार केलती ती देवाकडं. ती सरकारकडं कशी गेली वो?"

काकांनी तिला पाणी दिलं. "अव्वा, जे हुईल ते कायद्यानं हुईल. काळजी करू नगा."

ती गेल्यावर मार्थाकाकू बाहेर आल्या. "हा खटला तुम्ही चालवू नका," त्या म्हणाल्या.

"मी न्हाई तर दुसरा कोण तरी चालवंल. मी निदान नियमानं चालवीन. आणि सत्ता देवानंच नेमलेली असती की."

"कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कशाची करायची?" काकूंनी विचारलं. काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते कागद चाळत बसले.

खटला खरोखरच नियमानं चालला. मी मागच्या बाकावर बसले होते. मंडळीतले दोन जण साक्षीला आले आणि जे ऐकलं तेच त्यांनी सांगितलं. त्या कोर्टात त्या दिवशी कुणीही खोटं बोललं नाही. मास्तरांचा वकील म्हणाला, प्रार्थना देवाला उद्देशून असते, तिला चिथावणी कशी म्हणणार? त्यावर काका उठले. ते म्हणाले, "आरोपीनं प्रार्थना मनात केली असती, तर तो त्याचा आणि देवाचा प्रश्न होता. देवाला ऐकू जायला आवाज लागत नाही. आरोपीनं ती मोठ्यानं केली, म्हणजे ती माणसांसाठी केली. ते भाषण आहे." कोर्टात कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड होता. त्यांच्याइतका हुशार माणूस त्या दिवशी तिथं नसता तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मास्तरांना वर्षाची शिक्षा झाली. त्यांना कळंब्याच्या तुरुंगात नेलं, नोकरी गेली. अव्वा रविवारी चर्चमध्ये येऊन बंद पेटीशेजारी बसायची. काका त्यांच्या नेहमीच्या जागी बसायचे. आम्ही त्यांना सलाम करायचो, तेही करायचे. पण त्यांच्या सोप्यात चहाला जाणं मी हळूहळू सोडलं.

आणीबाणी उठली, मास्तर घरी आले, आणि पाठोपाठ उत्तम शुक्रवार आला, प्रभू येशूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी मंडळीतले वडील पाळीपाळीनं बोलतात. काकांची पाळी आली.

"लहानपणापास्नं मला वाटायचं, प्रभूला वाईट माणसांनी मारलं," ते म्हणाले. "तसं न्हाई. त्याला कुणी अंधारात गाठून मारलं न्हाई. त्याच्यासाठी कोर्ट भरलं, साक्षी झाल्या, रोमी सुभेदारानं हुकूम केला, क्रुसावर गुन्ह्याची पाटी लावली. सगळं कायद्यात बसवून केलं. कायद्यात बसलं की माणसाला झोप लागती, तेवढ्यासाठी राज्यकर्त्याला कायदा लागतो. आणि ते बसवून द्यायला त्याला एक वकील लागतो. तो मी हाय."

उपासना संपल्यावर फाटकाशी त्यांनी मास्तरांचे हात धरले. मास्तर म्हणाले, "क्षमा मी कळंब्यातच केली, काका." काका लहान मुलासारखे रडले. मला वाटलं, मिटलं.

पण पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मास्तरांना प्रार्थना करायला सांगितलं. मास्तर उठले, डोळे मिटले, आणि तसेच खाली बसले. पुन्हा त्यांनी कधी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. पेटी वाजवायचे, गाणी म्हणायचे, शिकवण्यांना पोरांवर ओरडायचे, सगळं आधीसारखं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, शब्द जमवायला गेलो की आधी ऐकणारी माणसंच दिसतात. देव मागं राहतो."

हे काकांना कळलं. त्यांनी सरकारी काम सोडलं, किरकोळ दावे चालवू लागले. दर रविवारी प्रार्थनेची वेळ झाली की ते मान वळवून मास्तरांकडे बघत. एवढ्या वर्षांत एकाही रविवारी त्यांनी बघायचं चुकवलं नसेल. मला आधी त्यांचा राग यायचा. नंतर नंतर ते बघणं मला बघवेनासं झालं.

काका शेवटचे आजारी पडले तेव्हा मी पुन्हा त्यांच्या घरी जाऊ लागले. त्यांनी मास्तरांना बोलावलं. मास्तर लगेच आले, खाटेजवळ बसले, काकांचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. काका सगळा जीव कानात आणून ऐकत होते.

"मास्तर, जरा मोठ्यानं म्हणा की," काकू म्हणाल्या. "ह्यांना ऐकू येऊ दे."

मास्तरांनी घसा खाकरला. मान वर केली, तोंड उघडलं. कपाळावर घाम आला, पण आवाज आला नाही.

"असू दे, मार्था," काका म्हणाले. "त्येला मी गप केलंय."

मास्तरांनी हात सोडला नाही. ते तसेच ओठ हलवत राहिले, आणि ते काय मागत होते ते आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही.