गाडीच्या छताला पडलेले सल

लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सात वर्षं काढलेल्या माणसाला वाटतं, जगातलं सगळं कापड आपलं ऐकतं. मला तरी वाटायचं. त्याच तोऱ्यात मी शेठला म्हणालो, "छत मी लावतो."

आमचं वर्कशॉप कामरेज गावाच्या अलीकडे, हायवेला लागून. जुन्या गाड्या पार उघड्या करायच्या आणि नव्यासारख्या उभ्या करायच्या, हा धंदा. मी डेंटिंगला, म्हणजे दिवसभर पत्र्यावर हातोडी. बायको म्हणते, घरातही मी ओरडूनच बोलतो. सीट आणि छत शिवणारे चाचा पुतणीच्या लग्नाला गावी गेले ते परतलेच नाहीत. इकडे साठ वर्षांपूर्वीची विलायती गाडी छतावाचून उभी, आणि मालक शनिवारी चारला न्यायला येणार.

शेठने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जमलं तर आतलं सगळं काम तुझं. बिघडलं तर आहेच हातोडी."

आतलं काम म्हणजे पंखा, स्टूल आणि शांतता. मला ते इतकं हवं होतं की रात्री झोपेत मी शिलाई मारत होतो.

कापड लोकरीचं, मालकाने जुन्या छताच्या रंगाशी जुळवून खास विणून घेतलेलं. तेवढाच तुकडा. शनिवारी सकाळी मी डावी कड पुढपासून मागपर्यंत चिकटवून टाकली, पट्टीने आखल्यासारखी सरळ. मग उजवीकडून ओढायला लागलो. छताच्या आत तारेच्या कमानी असतात, कापड त्यांवरून ताणायचं. ओढलं तिथे सपाट, शेजारी सुरकुतीचा सल. तो सल ओढला की त्याला दोन पिल्लं. साडेअकराला शेठ डोकावला.

"आ तो हाथीनुं पेट छे," म्हणाला, आणि जाता जाता माझी हातोडी उचलून माझ्याजवळ ठेवून गेला.

मग मी बमरोलीला आबांना फोन लावला. आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं मिलमध्ये स्टेंटरवर होते; ओलं कापड दोन्ही कडांनी धरून गरम हवेतून ताणत नेणारी ती मशीन. लूमवाल्यांना कापडातलं काही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. मी लूमवर लागलो तेव्हा चार दिवस बोलले नव्हते.

"आबा, एका मित्राच्या कापडाला सल पडलेत."

"तुन्हा मित्र तुन्हाच आवाजमा बोलस का?"

मग मी छत, कमानी, चारची वेळ, सगळं सांगून टाकलं.

"थांब. येस मी."

दीड तासात, दोन रिक्षा बदलून आले. चपला काढून गाडीत शिरले, सीट अजून बसवल्याच नव्हत्या, तळाशी उताणे झोपले आणि वर बघत राहिले. मी तोवर इस्त्री तापवली होती.

"ठेव ती इस्त्री," आबा न उठताच म्हणाले. "तुले कापड बनाडता येस, तानता येस नही. एक बाजू बांधी टाकी, मंग दुसरी वढस? कापड जाई कोठे?"

सात वर्षांचा अनुभव तीन वाक्यांत संपला.

आम्ही डावी कड इंचाइंचाने सोडवली. ऑफिसातले कागदांचे काळे चिमटे सगळे आणले. हिशेबनीस अजून माझ्याकडे संशयाने बघतो. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला मी. आधी मधोमध एक चिमटा इकडे, एक तिकडे, दोघांनी एकदम ओढायचं. मग थोडं पुढे, मग थोडं मागे; सपाट होईल तशा कडा चिकटवत गेलो. मी घाई केली की आबा पलीकडून सोडून द्यायचे आणि मी दारातून बाहेर.

राहिलेल्या बारीक सलांना वाफ हवी होती. वर्कशॉपमध्ये आम्ही रोजची डाळ शिजवतो तो कुकर पाणी भरून चढवला, शिटीच्या जागी रबरी नळी बसवली. आबांनी वाफ लांबूनच फिरवली, बाळाला शेक द्यावा तशी. कापड आधी मऊ पडलं, आणि सुकता सुकता एकेक सल आपोआप मिटत गेला. साडेतीनला छत असं बसलं की बोट टेकवायची भीती वाटावी. मी तरीही टेकवलं. आबांनी हातावर चापट मारली.

चारला मालक आला. नुकत्याच बसवलेल्या मागच्या सीटवर बसला, मान वर केली आणि बराच वेळ वरच बघत राहिला. आत तूरडाळीचा मंद वास होता, पण तो विषय कोणी काढला नाही.

"चाचा आले वाटतं गावाहून?" त्याने विचारलं.

"ना," शेठ माझ्याकडे बोट करत म्हणाला, "या डेंटरने लावलंय."

मी निर्लज्जपणे मान डोलावली. मागून आबा खोकले.

"आणि माझ्या आबांनी," मी म्हणालो.

गाडी हायवेला लागली आणि शेठ आबांकडे वळला. "काका, रोज येणार का?"

"दुपारले मी झोपस. आयतवारले येसू."

सोमवारपासून मी पंख्याखाली. समोर पुढच्या गाडीचं उघडं छत, हातात नवी कात्री. रविवारपर्यंत मी एक धागाही कापला नाही, नुसत्या कमानी मोजत बसलो. शेठने कारण विचारलं तेव्हा गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "जुन्या गाड्यांना आधी सहा दिवस मोजावं लागतं."