उसातली घोणस

"तुमच्या उसात मी घोणस सोडलीय," असं मी राहुरीजवळच्या एका शेतकऱ्याला, त्याच्याच ओट्यावर त्याचाच चहा पिता पिता, हसत सांगितलं. सापांचा अभ्यास करण्यात उमेदीची वर्षं गेली, पण माणसांशी बोलायचं कसं ते काही जमलं नाही.

खरं तर घोणस त्यांच्याच उसात सापडली होती. तिच्या अंगात छोटं यंत्र बसवून मी तिला होती तिथंच सोडलं होतं. ती कुठं फिरते ते मला हातातल्या रिसीव्हरच्या टकटकीवरून कळायचं. यंत्र लावलेल्या सापांपैकी ती एकटीच उरली होती. ती गेली की माझं काम थांबणार होतं.

"सापडली हुती तर सोडली कशाला, सायेब?" शेतकऱ्यानं विचारलं.

आतून त्यांची आई म्हणाली, "त्याला म्हनावं, तुझ्या घरात सोड की!"

तरी माणसं भली. ऊसतोड सुरू झाली तेव्हा त्यांनी टोळीला बजावलं, ही मारायची नाही. मला बोलावून घेतलं. मी रिसीव्हर कानाशी धरून टोळीच्या पुढं पुढं चाललो. मागून एक बाई म्हणाली, "सायेब, आमच्या मुकादमाला बी लावा की असलं यंत्र. उचल मागायची म्हनलं की गावतच न्हाई!" टोळी खदखदून हसली. तेवढ्यात घोणस बांधाकडच्या बिळात शिरली. मी निर्धास्त घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानात तोडीनंतरचं पाचट पेटवलं. वारं सुटलं आणि जाळ बांधावरून इकडं आला.

मी पोचलो तेव्हा सगळं काळं पडलं होतं. टकटक मात्र येत होती, रोजच्यासारखी. बीळ उकरलं. उथळच होतं.

"आमी न्हाई मारली, सायेब," शेतकरी म्हणाला.

"माहीत आहे मला."

"पानी मारलं वो. पन जाळ लई हुता."

काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, यंदा एकरी ऊस किती पडला? त्यांनी सांगितलंही. आता आठवत नाही. मग बुटांवरची राख झटकत बसलो, ती काही निघेना.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. जेवणं झाल्यावर ओटा पुसता पुसता तिनं विचारलं, "उद्या डबा करायचाय का?"

"बघू."

"बघू काय? दुसरी शोधायला जाणार असाल तर आत्ताच सांगा. मेथी निवडायला वेळ लागतो."