नाटकातल्या भावाच्या ओळी

माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इंग्रजी. यंदा त्यांना चारेकशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी नाटक आहे. मी नांदुऱ्यात कापसाच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी, दोन्हींतला फरक. माझं वाचन एवढंच. ती पुस्तक घेऊन बसली की मी विचारायचो, यातले किती शब्द आज चालतात? एकदा तिने एक पान मोजूनच दाखवलं. ओळी छत्तीस, आणि आता कोणी बोलत नाही असे शब्द एकोणीस.

"म्हणजे एका पानात एकोणीस मेलेले," मी म्हणालो.

"बाकीचे जिवंत आहेत ना बाबा."

त्यांच्या सरांचं म्हणणं, नाटक बसून वाचायचं नाही, उभं राहून बोलायचं. वर्गात एक प्रसंग करून दाखवायचा होता. तिची जोडीदारीण तापाने पडली, आणि घरी दुसरं पात्र बोलायला मीच उरलो. प्रसंग साधा होता. एक सरदार मेला आहे. त्याचा मुलगा भर दरबारात बहिणीपुढे कागद ठेवतो: तुझा वाटा सोडल्याचं यात लिहिलं आहे, शिक्का मार. बहीण मुलगी झाली, भाऊ मी.

"बाबा, काट्याची पावती वाचून राह्यले का?" ती पहिल्याच ओळीला म्हणाली. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "माझ्यावर चिडता तसं चिडा, आपोआप जमते."

एका ओळीचा अर्थ मला लागला नाही. तिने सांगितला: बहिणी, यात विशेष काही नाही, ही तर रीतच आहे. मी पुस्तक खाली ठेवलं. हेच वाक्य मी दोन दिवसांपूर्वी फोनवर माझ्या बहिणीला म्हणालो होतो.

वडिलांची जमीन वरवट बकालकडे आहे, साडेसहा एकर. आईवडील दोघेही गेले, वारस आम्ही दोघंच. हिशेबाने बहिणीचे सव्वातीन एकर. ती देऊळघाटला दिलेली आहे. सोमवारी येऊन ती हक्कसोड पत्रावर सही करणार होती. आमच्याकडे बहिणी सही करतात, भाऊ साडीचोळी करतो, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

"हे तू मुद्दाम काढलं का?" मी मुलीला विचारलं.

"अभ्यासक्रमात आहे बाबा. मी काऊन काढू?"

पुढे सराव झाला, पण माझं चित्त नव्हतं. शिक्का मार म्हटल्यावर ती गप्प राहायची. मी मोबाइलवर वेळ लावली. अकरा सेकंद. मी म्हणालो, एवढं कोण थांबतं, पुस्तकात तर लगेच पुढची ओळ आहे. ती म्हणाली, "तिनं कागद वाचलाच नाही. सगळे समजून राह्यले, हिचं उत्तर ठरलेलंच आहे. करून पाहा, अकराही कमी पडतात."

सोमवारी बहीण दोन बस बदलून आली. नोंदणी कार्यालयात आमच्यापुढे सहा दस्त होते. ओळख पटवायला दोन शेजारी आणले होते. नंबर आला तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, मजकूर वाचला का? राजीखुशीने सोडता ना?"

बहीण काही बोलली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मी न ठरवता मोजायला लागलो होतो. सातवर आलो तेव्हा त्यांतला एक शेजारी हसून म्हणाला, "म्हणा बाई हाव, मागं लाइन उभी आहे."

"साहेब," मी म्हणालो, "तिनं वाचलेलं नाही. तिला कागद दाखवलाच नाही मी."

"मग आणलं काऊन इथं? वाचून घ्या, मग या. पुढचा कोण आहे?"

मला वाटलं होतं, बाहेर आल्यावर तिला बरं वाटेल. ती भडकली. "चार लोकांत मले अडाणी ठरवलं, दादा? मी दहावी पास आहे. सही कराले मन घट्ट करून आली होती मी."

"मग थांबली काऊन?"

"मले काय मालूम!" ती म्हणाली. मग हात पुढे केला, "आण तो कागद इकडे."

तिने पाचही पानं घडी न घालता पिशवीत ठेवली आणि बसमध्ये बसली. तिच्यासाठी घेतलेली साडी माझ्याच हातात राहिली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता ती मागणारच." मागेलही. सव्वातीन एकर गेले तर आमच्याकडे विहिरीशिवायचा तुकडा उरू शकतो, हे मला कळतं. मुलीने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "आत्या रडली का?"

त्या नाटकाने तिला नोकरी लागेल का, मला सांगता येत नाही. पण शेजारी विचारतात, पोरीला जुनं इंग्रजी शिकवून काय उपयोग, तेव्हा मी पूर्वीसारखी होकाराची मान हलवत नाही. मी बहिणीला चाळीस वर्षं ओळखतो. तिच्यापुढे कागद ठेवला की तिच्या बाजूने काय दिसतं, हे मला कधी पाहावं लागलं नव्हतं. वर्गातल्या बावीस मुलींना ते या वर्षी पाहावं लागलं, उभं राहून, सगळ्यांसमोर. त्यांतल्या बऱ्याच जणींना भाऊ आहेत.

त्या सोमवारपासून झोप नीट लागत नाही. फोन वाजला की मी आधी नाव पाहतो. दोनदा मीच नंबर काढला, पण लावला नाही; लावला तर घाई केल्यासारखं होईल. पानं पाच आहेत. वाचायला अर्धा तास पुष्कळ झाला. आज नववा दिवस आहे.